ओढाकाठ संघाची म्हैस

एका जंगलात, मुलांनो, सगळं सुरळीत चाललं होतं. वाघ खात होता, हरीण खाल्लं जात होतं, कुणाची काही तक्रार नव्हती. मग एका पुरात वरच्या गावच्या शाळेचा फुटबॉल वाहत आला आणि जंगलाची शांतता गेली ती गेलीच.

दोन वर्षांत महावन लीग उभी राहिली. बारा संघ. हंगाम भाद्रपद संपेपर्यंत. जो पहिला येईल त्याला चषक, जो शेवटचा येईल त्याची रवानगी खालच्या रानात. खालच्या रानातले सामने बघायला कुणी जात नसे. गिधाडं जात, पण त्यांची कारणं वेगळी होती.

चषक दर वर्षी सिंहाच्या गुहा संघालाच मिळे. त्यांचा सराव चांगला असतो, असं सगळे म्हणत. सिंह जवळपास असला की जरा मोठ्याने म्हणत. गुहा संघाविरुद्ध एकदा एका पंचाने पेनल्टी दिली होती. तो सांबर होता. म्हणजे, होता.

आपली गोष्ट मात्र ओढाकाठ संघाची आहे. त्यातही त्या संघाच्या म्हशीची.

तिचं नाव भुरी. मूळची गावातली. एकदा चरता चरता कळपामागे राहिली, वाट चुकली, आणि ओढ्याकाठचं हिरवंगार मैदान बघून तिने वाट शोधायचं सोडून दिलं. संघालाही गवत कापायला कुणीतरी हवंच होतं. ठरलं. भुरीने गवत खावं आणि मैदान तुळतुळीत ठेवावं. पगार म्हणून तेच गवत.

बारा महिने तेच मैदान चरल्यामुळे भुरीला त्याची खडान्‌खडा माहिती होती. उंबराकडची कड कोरडी आणि टणक. तिथे चेंडू सुसाट पळे. ओढ्याकडच्या कडेखाली मात्र झरा होता. वरून काही दिसत नसे. पण त्या बाजूला गेलेला चेंडू थबके आणि मागोमाग धावणाऱ्याचे पाय रुतत.

ही गोष्ट फक्त भुरीला माहीत होती. तिने ती लपवली नव्हती. तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

त्या वर्षी ओढाकाठ संघ पहिले पाच सामने ओळीने हरला.

संघाचे अध्यक्ष होते मोरेश्वरपंत मोर. पाचव्या पराभवानंतर त्यांनी पिसारा फुलवला आणि जाहीर केलं, "प्रशिक्षक घोरपडे यांच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे."

हे ऐकताच घोरपडीने सामान बांधायला घेतलं. ती अनुभवी होती.

मग माकड आलं. त्याने मोठ्या पानावर कोळशाने बाण काढले. बाण इतके झाले की शेवटी पान दिसेना. रानडुक्कर दणकू हा संघाचा कप्तान. तो पानासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, यातला मी कुठला?"

भुरी तिथेच चरत होती. ती म्हणाली, "साहेब, बाण राहू द्या. ओढ्याकडच्या बाजूला ओल आहे. आपली पोरं तिथेच फसतात."

माकड हसलं. "बाई, हा आधुनिक खेळ आहे. तुम्ही गवत खा."

भुरीने गवत खाल्लं. संघ आणखी चार सामने हरला. मोरेश्वरपंतांनी माकडावर पूर्ण विश्वास व्यक्त केला आणि माकड झाडावरून झाडावर उड्या मारत दिसेनासं झालं.

तिसरा प्रशिक्षक थेट सातासमुद्रापलीकडून आणला. कांगारू. त्याचं स्वागत करायला पंत स्वतः नाचले. त्याची भाषा कुणाला येत नव्हती, म्हणून एक पोपट दुभाषा नेमला. कांगारू अर्धा अर्धा तास कळकळीने बोले. पोपट मान वाकडी करून ऐके आणि सांगे, "साहेब म्हणतात, जोर लावा."

भुरीने त्यालाही ओलीबद्दल सांगून पाहिलं. पोपटाने ते कांगारूला सांगितलं. काय सांगितलं ते देव जाणे. कांगारूने भुरीला प्रेमाने मिठी मारली आणि तो सामनाही संघ हरला.

हंगामाचे तीन सामने उरले तेव्हा ओढाकाठ संघ तळाला होता. त्याच्या जरासा वर रानकुत्र्यांचा संघ होता. कांगारू रजेवर म्हणून गेला तो परत आलाच नाही. नवा प्रशिक्षक मिळेना. कोल्ह्याला विचारलं तर तो म्हणाला, "माझी तब्येत बरी नाही." कोल्हा झाला तरी त्याला आपली अब्रू प्यारी होतीच.

पण लीगचा नियम होता. प्रशिक्षकाच्या बाकावर कुणीतरी बसलंच पाहिजे, नाहीतर सामना गेला.

सामन्याच्या सकाळी पंत मैदानात येरझाऱ्या घालत होते. भुरी चरत होती. पंतांची नजर तिच्यावर पडली.

"भुरीबाई, आज दुपारी तुम्हाला काही काम आहे?"

"रवंथ आहे."

"ते बाकावर बसून जमेल?"

"जमेल की. पण पंत, आपण खाली गेलो तर या मैदानाचं काय व्हायचं?"

पंतांनी पिसं सावरली. "हत्तींनी मागितलंय. डुंबायला तलाव खणायचा म्हणतात."

भुरीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तिला फुटबॉलचं काही सोयरसुतक नव्हतं. चेंडू खाता येत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी तपासून घेतलं होतं. पण हे गवत! ही हरळी, हा लव्हाळा, उंबराखालची ती कोवळी पाती! त्या जागी तलाव?

ती तडक खेळाडूंकडे गेली.

"दणक्या, नीट ऐक. आपण खेळायचं उंबराकडून. आणि त्यांना रेटायचं ओढ्याकडे."

"आणि डावपेच, मावशी?"

"ओढ्याकडे ओल आहे."

"ते झालं. पण डावपेच?"

"अरे, ओल हाच डावपेच!"

गोलरक्षक होतं एक खवले मांजर. अतिशय सज्जन, पण घाबरलं की अंगाचं वेटोळं करून बसायची त्याला सवय. मागच्या सामन्यात तर दोघा खेळाडूंनी चेंडू समजून त्यालाच लाथाडलं होतं. ते हळूच म्हणालं, "मावशी, मी काय करू?"

"तू घाबर. पण गोलाच्या मधोमध घाबर."

मुलांनो, त्या दुपारी ओढाकाठ संघ जिंकला. समोर रानकुत्रेच होते. ते सगळे वाऱ्यासारखे पळाले आणि ओढ्याकडच्या बाजूला पोटापर्यंत रुतले. पुढच्या सामन्यात बिबट्यांचीही तीच गत झाली. एक बिबट्या तर सामना संपल्यावर दोरीने ओढून काढावा लागला.

जंगलात एकच गहजब उडाला. साळुंकी ही लीगची समालोचक. तिने भुरीला गाठलं.

"भुरीताई, तुमच्या खेळामागचं तत्त्वज्ञान काय?"

"तिकडे ओल आहे."

"वा!" साळुंकीने डोळे मिटले. "केवढा अर्थ आहे यात!"

दुसऱ्या दिवसापासून जंगलातल्या जाणकारांच्या तोंडी 'ओल पद्धत' हा एकच विषय. तरसाने त्यावर तीन व्याख्यानं दिली. अस्वलांच्या संघाने तर आपल्या चांगल्या मैदानात घागरी घागरी पाणी ओतलं आणि पुढच्या सामन्यात स्वतःच त्यात रुतून बसला.

भुरीला मात्र चैन नव्हतं. सकाळी मुलाखत, दुपारी सत्कार, संध्याकाळी तरसाच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत. चरायला वेळच मिळेना. सत्कारात हार घालत, तो ती तिथल्या तिथे खाई. लोकांना वाटे, किती साधेपणा! तिला वाटे, एवढ्याने काय होतंय.

पंतांचाही पिसारा हल्ली पुरता फुलत नव्हता. पोरं "भुरीमावशी की जय" म्हणत. "पंत की जय" कुणी म्हणेना.

शेवटचा सामना आला. समोर साक्षात गुहा संघ. चषक त्यांनी केव्हाच घेतला होता, पण सिंहाचा पुतण्या संघाचा कप्तान होता आणि त्याला हरायची सवय नव्हती. इकडे रानकुत्र्यांनी आपला सामना बरोबरीत सोडवला होता. ओढाकाठला निदान बरोबरी हवीच होती. हरले की खालचं रान, आणि मैदानाचा तलाव.

हत्ती सोंडा सरसावून, फूटपट्टी घेऊनच आले होते.

खेळ सुरू झाला. सिंह ओढ्याकडे फिरकलेच नाहीत. ओल पद्धत आता साऱ्या जंगलाला पाठ होती, त्यांना कशी नसेल? ते सगळे उंबराकडून घुसले. खवले मांजर मधोमध घाबरून बसलं, पण पुतण्याने चेंडू कोपऱ्यातून मारला. गोल.

त्यात ओढाकाठच्या पोरांना उंबराकडून पळताच येईना. गवत! दोन आठवडे भुरीने तोंड लावलं नव्हतं आणि भाद्रपदातलं गवत कुणासाठी थांबत नाही. ते दणकूच्या पोटाला लागत होतं. चेंडू त्यात शिरला की सापडत नसे. सिंह ताकदीने तुडवत निघत, पोरं अडकून पडत.

मध्यंतर झालं. दणकू धापा टाकत बाकापाशी आला.

"मावशी, आता?"

भुरीने मैदानाकडे पाहिलं. जमलेल्या हत्तींकडे पाहिलं. मग उठली आणि चरू लागली.

"मावशी! ही काय खायची वेळ आहे?"

"याहून चांगली वेळ मला दोन आठवड्यांत मिळालेली नाही," भुरी तोंडातल्या तोंडात म्हणाली. "तू नुसतं माझ्या मागून बघत राहा."

ती उंबराकडून चरत निघाली. डावीउजवीकडे मान न वळवता, एका रेषेत, मैदानाच्या मध्यापासून थेट सिंहांच्या गोलाच्या तोंडापर्यंत. रानडुकराच्या अंगाएवढी रुंद पट्टी, मुळापर्यंत साफ. कुणीही हटकलं नाही. मैदानात म्हैस चरतेय, यात बघायचं काय? सिंहाचा पुतण्या तर चाहत्यांना पंजाचे ठसे देण्यात गुंतला होता.

लांबून पाहिलं तर सगळीकडे गवतच गवत. ती वाट दिसत होती फक्त वाटेच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्याला. आणि तिथे दणकू उभा होता.

खेळ सुरू झाला. बराच वेळ काही जमेना. सिंहांनी दोनदा चेंडू खांबावर हाणला. एकदा खवले मांजराच्या पाठीवर आपटून परत गेला. आणि मग तो दणकूच्या पायात आला.

त्याने मान खाली घातली आणि धाव ठोकली. बघणाऱ्यांना नुसती गवतातून पळणारी शेपटी दिसली. ती थेट गोलात जाऊन थांबली. चेंडूही तिथेच होता.

बरोबरी!

सिंहाचा पुतण्या डरकाळी फोडून उठला. "ही लबाडी आहे! तपासणी करा!"

तपासणीसाठी लीगने वडावर एक घुबड बसवलं होतं. त्याला दिवसा दिसत नसे. गुहा संघानेच आग्रह धरून त्याला नेमलं होतं. आजवर त्यांच्या सगळ्या लबाड्या त्यानेच तपासल्या होत्या. घुबडाने गंभीरपणे मान गोल फिरवली.

"मला काहीही वावगं दिसलं नाही," ते म्हणालं. आणि यात काही खोटं नव्हतं.

सामना बरोबरीत सुटला. रानकुत्रे खालच्या रानात गेले. हत्ती फूटपट्टी घेऊन परतले. पोरांनी भुरीला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि तीन जण जखमी झाले. भुरीला वाटलं, सुटले बाई. आता उद्यापासून निवांत चरायचं.

चार दिवसांनी पंतांनी सभा बोलावली. आता पिसारा पुरता फुलला होता.

"मित्रहो, हे यश माझ्या दूरदृष्टीचं! म्हशीला बाकावर बसवायचं कुणाला सुचलं? मला! आणि भुरीबाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. त्यांनी गवताशी किती झुंज दिली ते आपण पाहिलंच. म्हणून त्यांच्या सन्मानार्थ आपण मैदानावर आणतोय प्लॅस्टिकचं गवत! कायम हिरवं! कापायला नको, ओल नको! मैदानाला नाव भुरीबाईंचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गवत अंथरलं गेलं. फीत कापायचा मान भुरीला मिळाला आणि पहिला घासही.

दुसऱ्या दिवशी पंत भेटले. "कसं आहे गवत, भुरीबाई? आयुष्यभर टिकेल म्हणतात."

"टिकेल, पंत," भुरी म्हणाली. "कालपासून तोच घास चाललाय."

"शाबास! आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

भुरी गावची असली तरी आता जंगलात मुरली होती. ती त्याच दुपारी निघाली. मैदानाच्या दाराशी तिच्या नावाची पाटी होती. पाटी लाकडाची होती. तिने ती चाखून पाहिली आणि सोडून दिली.

उतार उतरून ती खालच्या रानात पोचली. रानकुत्र्यांचा हरलेला संघ तिथे खिन्न बसला होता. तिला बघून सगळे ताडकन उठले. त्यांचा म्होरक्या पुढे आला.

"भुरीमावशी! तुम्ही आमच्याकडे? आमचे प्रशिक्षक व्हाल? काय म्हणाल ते ऐकू! पद्धत कुठली ठेवायची? सराव कधी घ्यायचा?"

"ते बघू नंतर," भुरी म्हणाली. "आधी गवत दाखवा."

तात्पर्य, मुलांनो, आणि हे पाठ करून ठेवा: केलेल्या उपकाराचं फळ मिळतंच मिळतं. ते खाता येईल, असं मात्र आम्ही कधीच म्हटलेलं नाही.