कोहळ्यावरचे दौलतराव

मुलाला एकदा समोर बसवून नीट सल्ला द्यावा, एवढेच दौलतरावांनी ठरवले होते. त्यात वावगे काही नव्हते. मानोऱ्याच्या बाजारात वांगी विकता विकता ते गिऱ्हाइकाला जावई कसा पारखावा, बैल कोणत्या वारी विकू नये आणि चालू लढाई इंग्रजांनी कोणत्या बाजूने लढायला हवी होती, हे सारे वांग्यांच्या भावातच सांगत असत. (वांगी न घेणाऱ्यालाही सांगत. त्यामुळे काही माणसे त्यांच्या समोरून जाताना पलीकडच्या मिरच्यांकडे फार लक्षपूर्वक पाहत.) परक्यांना इतके मार्गदर्शन फुकट मिळत असताना पोटच्या मुलानेच त्याला मुकावे, हे त्यांना बरोबर वाटेना.

निमित्तही तसेच घडले. कारंज्याला तंबूतला सिनेमा आला होता आणि सोळा वर्षांचा जगदेव मावशीकडे गेला असता तो पाहून आला. मुख्य खेळाच्या आधी तिथे हाताने काढलेल्या चित्रांचा एक तुकडा दाखवला. त्यात एक अस्वल शिडीवर चढत होते, पडत होते आणि पुन्हा चढत होते. सगळा तंबू हसला. जगदेव हसला नाही. घरी येऊन त्याने पंचांगाच्या पानापानाच्या कोपऱ्यात एकेक बैल काढला. पाने अंगठ्याखालून भरभर सोडली की तो बैल चैत्रापासून फाल्गुनापर्यंत शेपटी उडवी. एक एकादशी नेमकी त्या शेपटीखाली गेली, त्यामुळे त्याच्या आईचा, प्रयागबाईंचा, उपास चुकला, आणि प्रकरण दौलतरावांपर्यंत आले.

"तुले काय व्हाचं हाये?" दौलतरावांनी विचारले.

"मले चित्रं हालवाची हायेत."

"चित्रं कायले हालतीन? भितीवरचं चित्र हाललं तं समजाचं का खिळा ढिला झाला."

"तसं नाई, बाबा. एकाच्या मांगं एक अशी लय चित्रं काढा लागते. दर चित्रात थोडासाच फरक. मंग थे हालते."

"अन् असं हालवल्याचं कोनी खाले देते?"

"पुन्याच्या एका फिल्म कंपनीत असे पोट्टे घेऊन राह्यले म्हने. मारोतराव गुरुजीनं सांगतलं."

दौलतराव शाळेत जाऊन मारोतरावांना भेटले. मारोतराव सावध गृहस्थ होते. "पोराच्या हातात रेघ हाये," ते म्हणाले. "बाकी त्या धंद्यातलं मले काही समजत नाई, म्हनून सांगत नाई." दौलतरावांना हे उत्तर फारच अपुरे वाटले. एखाद्या विषयातले आपल्याला काही कळत नसेल तर त्यावर बोलू नये, ही मास्तरांची समजूत त्यांना कधीच पटली नव्हती.

त्या संध्याकाळी ओट्यावर सल्ला झाला.

"आयक. कागद इकत आनाचा नाई. लढाईनं कागद महाग झाला. आपल्या मळ्यात जे पिकते, त्याच्यावर हात बसव. अन् वाघ-अस्वलं काढू नको. तुहा बाप-आजा कधी अस्वलासंगं राह्यला काय? जे रोज डोळ्यासमोर दिसते, थेच काढ. पोहरादेवीच्या जत्रेपर्यंत मले एक तरी चित्र हालताना दाखव. हाललं तं पुन्याले जा, मी आडवा येत नाई. नाई हाललं तं मोट धर, अन् पुन्हा नाव काढाचं नाई."

जगदेवने मान हलवली.

हा सल्ला निष्पक्षपणे तपासला तर त्यात दोष सापडत नाही. या कलेतल्या एखाद्या जाणत्याने (असा कोणी मानोरा तालुक्यात असता तर) याहून फारसे निराळे सांगितले नसते. गफलत एवढीच झाली, की मुलाने तो ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून जगदेव कोहळ्यांच्या वाडीत दिसू लागला. कोहळे म्हणजे आपला तांबडा भोपळा. ते कोवळे असताना त्याच्या सालीवर बाभळीच्या काट्याने रेघ ओढली, तर ती रेघ बुजत नाही. फळ वाढेल तसा तिचा व्रण वाढतो आणि पक्का होतो. ही गोष्ट मळ्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते, आणि प्रत्येक बाप ती विसरलेला असतो. शिवाय कोवळ्या कोहळ्याला बोट दाखवले की ते सडते, अशी त्या भागात पक्की समजूत आहे. दौलतरावांना तर बोलताना बोट उगारल्यावाचून वाक्यच पुरे करता येत नसे. म्हणून फळ धरल्यापासून ते त्या वाडीकडे फिरकलेच नाहीत. लांबूनच पानांत वाकलेली मुलाची पाठ पाहून त्यांनी बाजारात जाहीर केले, की पोरगा मार्गावर आला. माणसाला योग्य वेळी योग्य शब्द सांगणारा भेटला पाहिजे.

त्या वर्षी सगळी कोहळी त्यांनी शेजारच्या बंजारा तांड्याच्या हेमसिंग नाईकांना कबूल केली होती. जत्रेच्या दिवशी नाईकांकडून यात्रेकरूंना पंगत असे, आणि पंगतीला कोहळ्याची भाजी.

जत्रेच्या आदल्या दिवशी वेल सुकले, पाने बसली, आणि कोहळी तोडायला गेलेल्या प्रयागबाईंनी हाक मारली.

"अवो, इकडे या."

"काय झालं? सडलं?"

"सडलं नाई. बोलून राह्यलं."

दौलतराव गेले. ओळीने कोहळी पडली होती आणि प्रत्येकावर एकच माणूस होता. पागोटे, जाड मिशा, वर उचललेले एक बोट. पहिल्या कोहळ्यावर त्याचे तोंड मिटलेले होते, पुढच्यावर किंचित उघडे, त्यापुढच्यावर आणखी. बोटही तसेच थोडेथोडे वर जात होते. जिथे शेणखत जास्त पडले होते तिथे तो माणूस गालांतून भलताच फुगला होता.

"हे कोन हाये?" दौलतरावांनी विचारले. (ओळख पटली नव्हती असे नाही, दुसरे कोणी निघेल ही आशा सुटली नव्हती.)

"तुमीच म्हनलं ना, बाबा," जगदेव म्हणाला, "जे रोज डोळ्यासमोर दिसते थे काढ."

प्रयागबाई पदर तोंडाला लावून उगाच वेलींची जुळवाजुळव करू लागल्या.

व्रण राखेने घासून निघेना, विटेने घासून निघेना. दुसरा माल आणायला वेळ नव्हता. तेव्हा दौलतरावांनी विचार केला, की कोहळी कडब्याखाली झाकून न्यावीत. एकदा फोडी झाल्या की फोडीला तोंड नसते. विचार चांगला होता. फक्त फोडी करायच्या आधी कोहळे फोडावे लागते, ही पायरी त्यात राहून गेली.

बाईमाणूस अख्ख्या कोहळ्याला पहिली सुरी लावत नाही. पुरुषाने ते फोडायचे, मग बायकांनी चिरायचे. पोहरादेवीला पंगतीच्या जागी विळ्या मांडून बायका बसल्या होत्या आणि फोडायचे काम नाईकांच्या रूपला नावाच्या आचाऱ्याकडे होते. त्याने पहिले कोहळे पुढे ओढले, कोयता उचलला आणि हळूच खाली ठेवला.

"नाईक, ह्याले मिशा हायेत."

"कोहळ्याले कुठच्या मिशा?"

"पाहा तुमी. मानोऱ्याचा वांगेवाला हाये हा."

हेमसिंग नाईकांनी वाकून पाहिले, मग वळून गाडीजवळ घाम पुसत उभ्या असलेल्या दौलतरावांकडे पाहिले. कोहळे फोडणे हा बळी देण्याचाच सौम्य प्रकार. बायका त्याला पहिला हात लावत नाहीत त्या याचसाठी. आता ज्या कोहळ्याला ओळखीच्या माणसाचे तोंड आहे आणि तो माणूस मागे जिवंत उभा आहे, त्यावर कोयता कोण चालवणार?

"दौलतभाऊ," नाईक म्हणाले, "बाजारात तुमचं आयकता आयकता मनात लय येळा आलं. पन देवाच्या जत्रेत मी तुमचं टाळकं नाई फोडनार."

रूपलाने कोहळे उलटे करून ठेवले. पण खाली तोंड आहे हे आता सगळ्यांना माहीत झाले होते, त्यामुळे ते पालथे निजलेले दौलतराव दिसू लागले. दुसऱ्या दोघातिघांना विचारले. ते हात मागे घेऊन उभे राहिले. तिकडे पंगत बसली होती आणि पत्रावळी वाऱ्याने उडू लागल्या होत्या.

"जेचं तोंड, त्यानंच फोडाचं," नाईकांनी शेवटी निकाल दिला.

दौलतराव गोणपाटावर बसले. गाडी जरा लांब होती, म्हणून माणसांची रांग लावून कोहळी हातोहात आणायचे ठरले. जगदेव रूपलापुढचे कोहळे उचलून परत गाडीवर चढला. कोणते कोहळे कोणामागे, हे त्याला पाठ होते. मध्ये दोन रिकाम्या गाड्या उभ्या होत्या आणि रांग त्यांच्या पाठीमागून जात होती. पंगतीतून पाहणाऱ्याला दोन गाड्यांमधल्या फटीतून एका वेळी एकच कोहळे दिसणार होते.

"बाबा," जगदेव म्हणाला, "फोडाच्या आधी एकखेप सगळे सरसर जाऊ द्या. एवढंच."

दौलतरावांनी कोयता हातात घेतला होता. तो चालवला की विषय संपत होता: चित्र नाही, म्हणजे पुणेही नाही. लोक भुकेले होते, उशीर झाला होता, कारणांची काहीच कमतरता नव्हती. आणि फटीतून दिसायचे होते ते त्यांचेच तोंड, सगळ्या जत्रेसमोर. पहिले कोहळे पोटाशी धरून जगदेव उभा राहिला.

"जाऊ दे एकखेप," दौलतराव म्हणाले आणि त्यांनी कोयता खाली ठेवला.

कोहळी निघाली. आधी सावकाश, मग हात बसल्यावर भराभर. फटीत दौलतरावांनी तोंड उघडले. बोट वर गेले. मान ताठ झाली, मिशा पसरल्या, आणि मुद्दा आला असावा अशा ठिकाणी ते एकदम दुप्पट फुगले (हा दोष रेघेचा नव्हता, खताचा होता). पंगतीतल्या एका म्हाताऱ्याने उठून फटीला हात जोडले. शेजाऱ्याने त्याला खाली बसवले आणि मग जे हसू फुटले, ते पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

"आनखीन एकखेप," लोक म्हणाले.

रांग तशीच उलटी फिरली आणि कोहळी गाडीकडे परत गेली. त्याबरोबर बोट खाली आले आणि दौलतरावांचे तोंड हळूहळू बंद झाले. असे होताना प्रयागबाईंनी लग्नानंतर प्रथमच पाहिले. त्यांनी ते पुन्हा दाखवायला सांगितले.

नंतर पंगत वाढायचीच होती. दौलतरावांनी कोयता उचलला. पहिले कोहळे फोडण्याआधी त्यांनी मुलाकडे पाहिले.

"हाललं," ते म्हणाले. "मी खोटं बोलत नाई. जा पुन्याले."

जगदेवने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग बराच वेळ दौलतराव एकामागून एक स्वतःला फोडत राहिले आणि बायका त्यांच्या फोडी करत राहिल्या. भाजी चांगली झाली, असे सर्वांचे मत पडले. शेवटचे कोहळे हातात आले तेव्हा मात्र ते थांबले. त्यावरचे तोंड सर्वांत मोठे उघडलेले होते आणि बोट पागोट्याच्याही वर गेले होते. इतक्या माणसांनी जेवण सोडून पाहावे असे आपण काय बोललो, हे जाणून घ्यावे असे त्यांना वाटले.

"जगदेव, ह्याच्यात मी लोकायले काय सांगून राह्यलो?"

"काही नाई, बाबा. मुकं चित्र हाये," जगदेव म्हणाला. "आवाज असता तं इतके लोक थांबले नसते."