कळंबमाळने गॅबॉनला हरवले त्याची हकीकत

जंगल किती आहे हे झाडांना विचारून ठरत नाही. ते मोजणाऱ्याला विचारून ठरते, आणि मोजणारा आपल्या हातातल्या फॉर्मला विचारून सांगतो. ही गोष्ट थोरामोठ्यांना उमगायला जन्म जातो. इंदापूर तालुक्यातल्या कळंबमाळ या गावाला ती एका पावसाळ्यात उमगली आणि तिच्या जोरावर या गावाने वनाच्छादनात आफ्रिकेतल्या गॅबॉन या देशाचा पराभव केला. गॅबॉनला हे अजून कळवलेले नाही. (ग्रामपंचायतीकडे पत्ता नाही.)

सुरुवात अल्लाबक्ष गुरुजींपासून झाली. छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून ते निवृत्त झाले होते, पण शनिवारी शाळा सुटली की चौथीच्या मुलांना माळावर घेऊन जायचे, हे काम मात्र त्यांनी सोडले नव्हते. माळ म्हणजे गावाच्या उत्तरेचे सत्तर एकर गायरान. सरकारी कागदावर ते 'पडीक, लागवडीस अयोग्य' असे आहे. या अयोग्य जागेत अकरा चिंकारे, लांडग्यांची एक जोडी, खोकडे, घोरपडी, चंडोल, टिटव्या आणि गेणबा आबांची साठ मेंढरे असा संसार होता. मधोमध एक जुनी बाभूळ होती. तिच्या सावलीत गुरुजी मुलांना बसवायचे. गवतातून चालताना म्हणायचे, "खाली बघून पाय टाका रे. टिटवीची अंडी उघड्यावरच असत्यात. कुणाचं तरी घर हाय हितं." त्यांचा दुसरा नियम असा की जे माहीत नाही ते 'माहीत नाही' म्हणायचे, आणि मग शोधून काढायचे.

जुलैतल्या एका शनिवारी त्यांनी गॅबॉनची गोष्ट सांगितली. तिथून विषुववृत्त जाते. तिथे हत्ती जंगलातून निघून थेट समुद्राच्या वाळूत फिरायला येतात. आणि देशाच्या शंभर भागांतले सुमारे अठ्ठ्याऐंशी भाग नुसते जंगल आहे.

स्वरूपा नावाच्या मुलीने हात वर केला. "गुरुजी, आपल्या गावात किती टक्के हाय?"

"मला माहीत न्हाय," गुरुजी म्हणाले. "शोधून सांगतो."

आणि त्यांनी ग्रामपंचायतीला अर्ज केला. गुरुजींच्या हातून घडलेली ही पहिली चूक.

ग्रामसभेत अर्ज वाचला गेला तेव्हा मारुतीच्या पारावर चांगली साठ माणसे होती. (कोरम भरला, ही त्या वर्षातली एकमेव वेळ.)

"गॅबॉन कुठशी आलं म्हणं?" गेणबा आबांनी विचारले. "करमाळ्याच्या पलीकडं का?"

"देश हाय आबा तो. आफ्रिकेत."

"आन तितं अठ्ठ्याऐंशी? मग मेंढरं चारायची कुठं त्यांनी?"

सरपंच विजयसिंहराव दूरदृष्टीचे गृहस्थ. जिल्ह्यात हरित गाव स्पर्धा जाहीर झाली होती आणि शेजारच्या गावाने गेल्या वर्षी ढाल नेली होती. ते उभे राहिले. "गुरुजींनी चांगला मुद्दा काढला. आपण शेजारच्या गावाशी कशाला भांडायचं? आपण डायरेक्ट देशाशीच लढू." टाळ्या पडल्या. 'वनाच्छादन व जैवविविधता स्पर्धात्मक समिती' स्थापन झाली. गुरुजींना त्यात सन्माननीय सदस्य केले. ('सन्माननीय' म्हणजे चहा मिळतो, मत विचारत नाहीत.)

आता मोजणार कोण? वनखात्याचा माणूस गावाने कधी पाहिला नव्हता. पण या भागात दर शिवारात एक माणूस असतो, ज्याने बांध ना बांध पायाखाली घातलेला असतो: साखर कारखान्याचा चिटबॉय. कुणाचा ऊस किती, कोणत्या वाणाचा, कधी लावला, हे तो नोंदवतो. आणि त्याच्या नोंदीवरून कारखान्याचा संगणक ठरवतो की तोडणीची पाळी कुणाची कधी. म्हणून माणसे त्याला वाटेत थांबवून चहा पाजतात. कळंबमाळचा चिटबॉय सोहेल हा गुरुजींचाच विद्यार्थी. त्याच्या मोबाईलमध्ये कारखान्याचे ॲप होते. शेताच्या कडेने एक फेरी मारली की क्षेत्र आपोआप निघायचे. समितीने त्याला गावचे जंगल मोजायला सांगितले. त्याने त्याच्याकडे होते त्या ॲपमध्ये मोजले. यात कुणालाच काही वावगे वाटले नाही, हे इथे नमूद करणे जरूर आहे.

आठ दिवसांत निकाल आला. गावाचे एकूण क्षेत्र एकवीसशे एकर. पैकी ऊस सतराशे ऐंशी.

"हा ऊस झाला," गुरुजी म्हणाले. "जंगल किती?"

समितीने शांतपणे विचार केला. जंगल कशाला म्हणावे? जे हिरवे असते, माणसाच्या डोक्यावर जाते, आत शिरलेला माणूस दिसत नाही आणि ज्यात हिंस्र श्वापद राहते. ऊस हिरवा आहे. डोक्यावर जातो. मागच्या पोळ्याला उपसरपंच आत शिरले ते दोन तास सापडले नव्हते. आणि बागायतदार बापूसाहेबांच्या दीड वर्षाच्या आडसाली उसात बिबट्याची मादी दोन पिल्ले घालून राहत होती. चारही अटी पुऱ्या झाल्या. ठराव मंजूर झाला. एका सदस्याने तर असेही निदर्शनास आणले की गॅबॉनला त्यांचे जंगल उभे करायला हजारो वर्षे लागली. कळंबमाळ ते अठरा महिन्यांत उभे करते, तोडून टाकते आणि पुन्हा उभे करते. या बाबतीत त्या देशाने अजून काहीच हालचाल केलेली नाही.

टक्केवारी निघाली: ८४.७६. गॅबॉन ८८. (गुरुजींच्या अर्जातला 'सुमारे' हा शब्द समितीने एकमताने काढून टाकला. समोरचा गडी किती धावा करून बसला आहे हे नक्की ठाऊक हवे.)

म्हणजे सव्वातीन टक्के कमी पडत होते. सरपंचांनी नकाशावर बोट फिरवले. गावठाण काढता येत नव्हते, रस्ता काढता येत नव्हता. उरला माळ. सत्तर एकर. दिग्विजय नावाचा तरुण सदस्य म्हणाला, "उजनीचं पाणी उचलू, ड्रिप टाकू, ऊस लावून टाकू. पण स्पर्धेच्या आत हिरवं व्हायचं न्हाय."

अकरा चिंकारे, टिटवीची अंडी, बाभळीची सावली, सगळे गुरुजींच्या डोळ्यांसमोरून गेले. ते उठले आणि म्हणाले, "लावायची गरजच काय? माळ हेच मुळी रान हाय. बाभळी हायत, बोरी हायत, गवत हाय. हाय तसाच जंगल म्हणून नोंदवा की!"

समितीने एकमेकांकडे पाहिले. सत्तर एकर मिळवले की १८५० होत होते. ८८.०९ टक्के.

"गुरुजी," विजयसिंहराव हात जोडून म्हणाले, "तुमी गाव जितवलं."

त्या दिवशी अल्लाबक्ष गुरुजींसारखा सुखी माणूस तालुक्यात नव्हता. त्यांचा माळ आता पडीक राहिला नव्हता; त्याची नोंद होणार होती. भाद्रपदात माळ हिरवागार असताना ते सोहेलबरोबर सत्तर एकरांना फेरी मारून आले. शेवटी बाभळीखाली बसून फॉर्म भरायला घेतला.

"शेतकऱ्याचं नाव, गुरुजी?"

"सरकार लिही. गायरान हाय."

"सरकार आपल्या कारखान्याचं सभासद न्हाय. तुमी हाय. वीस गुंठ्यांवर का होईना." त्याने गुरुजींचे नाव टाकले. "वाण?"

"बाभूळ. बोर. पवन्या गवत—"

"'इतर' टाकतो. लागणीची तारीख?"

"कसली लागण? ही बाभूळ माझ्या आजोबाच्या आधीची हाय. बाकी पाखरांनी लावलंय."

"आजोबा चालत न्हाईत. ॲप गेल्या वर्षीच्या एक जुलैच्या माघारी जातच न्हाय. आन तारीख न्हाय टाकली तर नोंद सेव्ह व्हत न्हाय."

छत्तीस वर्षांत गुरुजींनी फळ्यावर खोटे उत्तर कधी राहू दिले नव्हते. समोर तीन चिंकारे मान वर करून त्यांच्याकडे बघत उभे होते.

"टाक एक जुलै," ते म्हणाले. ही दुसरी चूक.

गावाच्या वेशीवर फ्लेक्स लागला: 'कळंबमाळ ८८.०९ – गॅबॉन ८८'. खाली विजयसिंहरावांचा हात जोडलेला फोटो आणि मागे एक सिंह. (गॅबॉनची ओळख म्हणून. तिथे सिंह जवळपास नाहीतच, हे गुरुजींनी सांगितले होते, पण गोरिला शुभेच्छांसोबत बरा दिसत नव्हता.)

नोव्हेंबरात कारखान्याचा बॉयलर पेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या मोबाईलवर संदेश आला. 'अभिनंदन! आपल्या सत्तर एकर उसाची तोड मंजूर झाली आहे.' संगणकाची चूक काहीच नव्हती. ज्याची लागण सर्वांत जुनी, त्याची पाळी पहिली.

ही बातमी गावभर झाली. ज्यांचा ऊस तुरे येऊन वाळत होता ते बापूसाहेब गुरुजींच्या दारात येऊन उभे राहिले. "गुरुजी, नशीब काढलंत. आमी चार-चार महिनं चिटबॉयच्या माघारी फिरतो, आन तुमची पाळी पहिल्या दिवशी! वळख लावली व्हय?"

गुरुजी धावत माळावर पोहोचले तेव्हा ऊसतोड्यांच्या टोळ्या उतरल्या होत्या. दहा ट्रॅक्टर, पंचवीस कोयते, आणि बाभळीसाठी एक करवत.

"मुकादम, थांबा! ह्यो ऊस न्हाय!"

मुकादम चांगला माणूस होता. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "चिठ्ठीवर हाय की. वाण इतर. गुरुजी, लोकं तोडीसाठी पाया पडत्यात आमच्या. नगं म्हननारं तुमीच पहिलं बगितलं."

"मी मालक हाय ना चिठ्ठीवर? मी नगं म्हणतो!"

"मग नोंद रद्द करून आना. कोयता थांबतो तवर."

गुरुजींनी पंचायत गाठली. विजयसिंहरावांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि पुष्कळ प्रेमाने समजावले, जसे गुरुजी एके काळी त्यांना भागाकार समजावत असत. "गुरुजी, नोंद रद्द केली की सत्तर एकर जंगल गेलं. आपण चौऱ्याऐंशीवर आलो. गॅबॉन जितला. आन तोडलं तर? तोडलं तरी नोंद ऱ्हाती. खोडवा म्हणून, बुडख्यातनं परत फुटणारा ऊस म्हणून ऱ्हाती. म्हणजे जंगल राखायचं आसंल तर तोडायलाच पायजे. तुमीच सांगा, फ्लेक्स लावलाय."

गुरुजींनी या युक्तिवादातली चूक शोधली. त्यांना ती सापडलीही. ती मुकादमाला सांगायला ते माळावर परत गेले, तोवर बाभूळ ट्रॉलीत होती. मुकादमाने वाट पाहिली होती, पण ट्रॅक्टरवाल्यांना दुसरी खेप होती.

कारखान्याच्या काट्यावर माळाचे वजन झाले: तीनशे बारा टन. साखर उतारा: शून्य. (शेरा: 'वाणात सुधारणा आवश्यक'.) अकरा चिंकारे महामार्गाच्या दिशेने गेले. त्यांतले दोन रस्त्याच्या कडेला मिळाले, नऊ मिळाले नाहीत. समितीच्या अहवालात याची नोंद 'जैवविविधतेचा तालुकाभर विस्तार' अशी आहे. बिबट्याची मादी आणि पिल्ले मिळून तीन वन्यप्राणी अहवालात कायम राहिले. गेणबा आबांनी मेंढरे घेऊन लोणी देवकरच्या बाजूला वस्ती हलवली. जाताना ते गुरुजींना एवढेच म्हणाले, "गुरुजी, आता आमचंबी गॅबॉनवाल्यावानी झालं. मेंढरं चारायची कुठं?"

प्रजासत्ताकदिनी ढाल आली.

पुढच्या शनिवारी मुले सवयीने माळाच्या टोकापर्यंत गेली. तिथे ड्रिपच्या नळ्या अंथरल्या होत्या. सावली नव्हती म्हणून सगळी उभीच राहिली.

"गुरुजी," स्वरूपा म्हणाली, "माझ्या प्रश्नाचं उत्तर फ्लेक्सवर लिवलंय. पण बरोबर हाय का ते?"

"माहीत न्हाय," गुरुजी म्हणाले. मग नियमाप्रमाणे म्हणाले, "शोधून सांगतो."

ते पंचायतीत जाऊन अहवाल वाचत बसले. अहवाल नीटनेटका होता. रकाना चौदामध्ये लिहिले होते: 'गावाबाहेरील किमान पन्नास प्रत्यक्षदर्शींच्या स्वाक्षऱ्या'. गुरुजींना आशा वाटली. बाहेरच्या पन्नास माणसांनी माळ डोळ्यांनी पाहिला असेल, तर त्यांना विचारता येईल. त्यांनी दिग्विजयला विचारले की हे लोक कुठून आणले.

"भिगवणला हॉटेलात बसलो व्हतो दोन दिवस," दिग्विजय म्हणाला. "गाड्या थांबल्या की इचारायचो, आत्ता हिकडनं आलात, कसं वाटलं? सगळी एकच म्हनायची, 'काय हिरवंगार हो!' मग सही घ्यायची."

गुरुजींनी पन्नास पोस्टकार्डे आणली आहेत. रोज दोन-तीन लिहितात. मजकूर सगळ्यांना सारखाच आहे: तुम्हाला खिडकीतून नक्की काय दिसले होते ते कृपया सवडीने कळवावे, चौथीच्या वर्गाला हवे आहे.

तुम्हाला लिहिलेले कार्ड परवा पेटीत पडले. यादीत तुम्ही एकतिसावे आहात. भिगवणच्या त्या हॉटेलात चिलापी मासा खाऊन हात पुसायच्या आत तुम्ही सही केली होती. तिच्यावर रश्श्याचा डाग आहे.