'काही नाही'चे तीन प्रकार

"हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ! जेवणाआधी संपवतो!" मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं.

आमच्या ऑफिसात प्रोग्राम लिहायचा एडिटर तयार होतो. त्यात डावीकडे 'क्लास ब्राउझर' नावाचा कप्पा असतो. प्रोग्राममधले 'क्लास', म्हणजे कोडचे मोठे गट, आणि बाकी काय काय आहे ते तिथे दिसतं. फक्त 'इनम' तेवढे दिसत नव्हते; ते दिसतील असं करायचं काम माझ्याकडे आलं होतं. इनम म्हणजे ठरावीक पर्यायांची यादी. लाल, पिवळा, हिरवा; संपलं!

आता, आमच्या चुका शोधणारी टेस्टर म्हणजे माझी बायकोच. घरी रोजचा सराव असल्याने ती या कामात फारच तयार आहे. तिने पास केल्याशिवाय दोघांचीही सुटका नव्हती, आणि पाच वाजता तिच्या आईला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"आई वाट बघत बसेल रे," ती म्हणाली.

"अगं, झालंच समज!"

जेवणापर्यंत इनम दिसायला लागले. पण क्लास गायब! क्लास परत आणले, तर प्रत्येक इनम दोनदा! चार वाजता ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

तो सूर ऐकून मला घाम फुटला आणि घामासरशी चूकही सापडली. तपासायला एखादा इनम हवा, म्हणून मनात होता तोच लिहिला. दिसला, तोही एकदाच! आनंदाच्या भरात तो पुसायचा राहिला आणि सगळं तसंच तिच्याकडे पाठवलं.

तिच्या टेबलाशी गेलो, तर साहेबही तिथेच! स्क्रीनवर सुबक यादी झळकत होती:

बायकोचा_मूड
काही_नाही
काहीच_नाही
काही_नाही_म्हटलं_ना

साहेबांना खोकल्याची उबळ आली. मला धरणी पोटात घेईना.

"बरोबर दिसतंय. पास," बायको शांतपणे म्हणाली. "पण सर, यादी अपुरी आहे. यात 'खूश' नाही."

"निघा दोघं!" साहेब डोळे पुसत म्हणाले. "आमच्याही घरी हीच यादी आहे."

दवाखान्यात सासूबाई एका डोळ्यावर पट्टी बांधून बाकावर बसल्या होत्या. आमचा आवाज ऐकताच त्यांचा चेहरा असा उजळला, की वेळेवर पोचल्याचं मला फार बरं वाटलं. गाडीत बायको मात्र खिडकीबाहेर बघत बसली.

"काय झालं गं?"

"काही नाही."

तीनपैकी नेमकं कुठलं? मी तिच्याकडे निरखून बघत राहिलो.

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मला एका डोळ्याने दिसतंय. तुम्हाला दोन असून दिसत नाही?"