अकरा आणि तीनची साधना

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे ‘धीरवाली’ म्हणत. कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं, की लिफ्टमधलं लाल बटण दाबलं जाई आणि फोन हिच्या कानात वाजे. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाला गप्पांत गुंतवून ठेवायचं, हे तिचं काम. अनोळखी माणसांना दिवसभर धीर देणाऱ्या या बाईला साहेबांपुढे एक वाक्य बोलायचा मात्र धीर होत नव्हता. बाळंतपणाच्या रजेवरून ती नुकती परतली होती. घरी सासूबाईंच्या मांडीवर सहा महिन्यांची लेक होती, तिला वरचं दूध पचत नव्हतं, आणि दिवसातून दोनदा दूध काढून ठेवायला ऑफिसात जागा नव्हती.

म्हणजे स्वच्छतागृह होतं. पण तिथलं हात वाळवायचं यंत्र कुणी नुसतं समोरून गेलं तरी फुत्कारे, आणि आलेला पान्हा घाबरून परत जाई. दूध असंच आटत गेलं तर नोकरी सोडावी लागणार, हे तिला कळून चुकलं होतं. तेवढ्यात तिला शांती कक्ष सापडला.

या कक्षाला इतिहास होता. गेल्या वर्षी कंपनीने लिफ्टमध्ये वाजायला एक मंद सूर बसवला. एका गिऱ्हाइकाला तो आपल्या प्रार्थनेची थट्टा वाटला. सूर बदलला, तर दुसऱ्याला तो भलत्याच धर्माचा वाटला. शेवटी लिफ्ट मुक्या झाल्या आणि साहेबांनी जो धसका घेतला तो घेतलाच. त्यांनी भिंतींवरची चित्रं उतरवली, कुठल्याच धर्माचा नसलेला रंग शोधून काढला (तो ओल्या पुठ्ठ्यासारखा निघाला) आणि एक खोली सर्व श्रद्धांसाठी रिकामी ठेवली. नियम दोनच. खोली फक्त धार्मिक गरजेसाठी, आणि ती गरज कुठल्या धर्माची हे कुणी कुणाला विचारायचं नाही. खोली इतकी निर्दोष झाली होती की तिकडे कुणी फिरकतच नसे.

धीरवालीने वहीत अकरा आणि तीनच्या रकान्यांत सही केली, आतून कडी लावली आणि पंप सुरू केला. घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स. किती दिवसांनी तिचे खांदे सैल झाले.

भिंतीपलीकडे लिफ्टचे नकाशे काढणारे बसत. आठवडाभरात त्यांचं एकमत झालं, की आत कसला तरी जप चालतो, बिनशब्दांचा, फार जुना असावा. बाहेर पडताना तिच्या हातात एक निळी पिशवी असे, आणि ती दोन्ही हातांनी अशी जपून धरलेली असे की समोरचा आपोआप बाजूला होई. पिशवी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात जाई. दोन दिवसांत कुणीतरी आपलं अंड्याचं सँडविच तिथून खाली हलवलं. तिसऱ्या दिवशी कप्पा पुसून निघाला. चौथ्या दिवशी नियमबाईंनी, म्हणजे कर्मचारी विभागाच्या प्रमुखांनी, त्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘हा कप्पा श्रद्धेचा आहे.’

धीरवालीने चिठ्ठी दोनदा वाचली. खरं सांगावं तर खोली जाणार. न सांगावं तर हे प्रकरण कुठवर जाणार कोण जाणे. तिने लेकीचा चेहरा आठवला आणि तोंड मिटून घेतलं.

मग तीनची मीटिंग साडेतीनला गेली, आणि कॅन्टीनमध्ये दोन तट पडले. नकाशेवाल्यांचा म्होरक्या म्हणे, एका बाईच्या देवासाठी पन्नास जणांनी घड्याळं फिरवायची, हे लाड पुरवायचे तरी किती? नियमबाई म्हणत, धर्म एकटीचा असला म्हणून काय कमी दुखावतो? दोघं हमरीतुमरीवर येत, आणि धीरवाली जवळून गेली की दोघंही आवाज खाली आणत. एकदा तर म्होरक्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं आणि हळूच म्हणाला, “ताई, माझ्या बदलीचंही बघा ना आत काही.”

कळस झाला तो सोमवारी. साहेबांनी हौसेने मुख्य कार्यालयाला या सलोख्याचा अहवाल पाठवला होता. तो वाचून तिथल्या थोरल्या बाई खास भेटीला येणार होत्या, आणि साधिकेची हरकत नसेल तर तीनच्या साधनेला कोपऱ्यात बसणार होत्या.

अडीच वाजता धीरवाली साहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

“साहेब, एक सांगायचंय.”

साहेब घाईघाईने उठले. “तुम्ही काहीही सांगायची गरज नाही. प्रत्येकाचा धर्म...”

“धर्म नाही साहेब. दूध आहे.”

मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेब हळूहळू खाली बसले.

“ती पिशवी?”

“दूध.”

“आणि तो जप?”

“पंप.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ती नोकरीवर मनातल्या मनात पाणी सोडून मोकळी झाली होती. तेवढ्यात वर्षभर ज्या माणसाने कुणाला घरचं काही विचारलं नव्हतं, त्याने विचारलं, “मुलगा की मुलगी?”

“मुलगी.”

“बाटली घेते?”

“भिरकावते. वाटी-चमच्याने पाजतात सासूबाई.”

“आमची पण भिरकावायची,” साहेब म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं त्या खोलीत दुसरा विषय निघाला नाही. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते दचकले. “चला, तुमची वेळ झाली.”

“पण थोरल्या बाई...”

“दाराशी मी उभा राहतो. आत कुणी येणार नाही.”

“माझ्यासाठी खोटं बोलणार तुम्ही?”

“कुणी विचारलं तर बोलावं लागेल. आणि विचारायला बंदी आहे.”

तीन वाजता धीरवालीने कडी लावली. पंप घुर्र-फुस्स करू लागला, पण दूध येईना. थेंबसुद्धा नाही. दाराबाहेर पावलं जमत होती. नियमबाई सगळ्यांना फोन बंद करायला सांगत होत्या. म्होरक्या कुणालातरी दबक्या आवाजात बजावत होता, “हं, खोकू नकोस आता.” मग सगळं चिडीचूप झालं. ती डोळे मिटून बसली. एवढी शांतता तिला त्या हात वाळवायच्या यंत्राच्या फुत्कारापेक्षा भयंकर वाटली.

बराच वेळ बाहेर नुसतं पंपाचं घुर्र-फुस्स ऐकू जात राहिलं. मग दाराला अगदी लागून थोरल्या बाईंचा आवाज आला. त्यात आता अदब उरली नव्हती, काहीतरी घरगुती होतं.

“बाळाला कितवा महिना?”

साहेबांनी घसा खाकरलेला तिला ऐकू आला.

“सातवा,” साहेब म्हणाले. आणि मग राहवलं नाही म्हणून, “खालचे दोन दात आलेत.”

आत धीरवालीला एकदम पान्हा फुटला.