अर्ध्या तासाची ट्रायल

"पोरगा चांगला हाये, पन त्याच्या गावात नेट नाही. पोरगी देनार नाही," असं देवीदासरावांनी नेहरू नगरच्या आपल्या घरात जाहीर केलं आणि त्यांच्या लेकीनं, खुशबूनं, जेवण सोडलं. ती घरी बसून ऑनलाइन क्लास घ्यायची आणि तिला शुभंकरच हवा होता. शुभंकर जंगलाकडच्या एका गावात मास्तर.

शेवटी खुशबूच्या आईनं, शेवंताबाईंनी, तोड काढली. शुभंकरनं गावातून अर्धा तास व्हिडिओ कॉल न तुटता चालवून दाखवायचा. प्लांटमध्ये तीस वर्षं काढलेल्या देवीदासरावांना ट्रायल म्हटलं की हुरूप येई. ते लगेच तयार झाले.

रविवारी अकराला शुभंकर पाण्याच्या टाकीवर चढला. गावात नेट फक्त तिथंच यायचं. रेशनच्या अंगठ्याचं मशीनसुद्धा दुकानदार वर न्यायचा आणि मागून म्हातारेकोतारे शिडी चढायचे. आज मास्तरांच्या लग्नासाठी गावानं शिडी मोकळी सोडली होती.

"जय भीम, काका. आवाज येऊन राहिला का?"

"जय भीम. येऊन राहिला. पन अजून अठ्ठावीस मिनिटं बाकी हायेत!"

विसाव्या मिनिटाला स्वयंपाकघरात मिक्सरमधून धूर निघाला. देवीदासराव धावले. प्लांटची शिस्त अशी, की आधी शटडाऊन, मग बाकीचं. त्यांनी तिथल्या बोर्डाचं मेन बटण पाडलं आणि त्यावर लाल कार्ड लटकवलं: 'काम चालू आहे, हात लावू नये'. खाली सही आणि वेळ, अकरा वीस. ज्यानं कार्ड लावलं त्यानंच ते काढायचं, हा नियम घरात लग्नापासून चालत आला होता.

परत येऊन पाहतात तर लॅपटॉपवर शुभंकर तोंड उघडं ठेवून थिजलेला.

"झाली ना ट्रायल फेल! मी का म्हनत होतो? गाव म्हनजे गाव! नेट चालवाले अक्कल लागते!"

पुढची दहा मिनिटं ते ग्रामीण भागाच्या मागासलेपणावर बोलले. खुशबूला रडूच कोसळलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"खुशबू, तिकडे लाइट गेली का? मी टाकीवरच आहो. माह्याकडे नेट फुल हाये, तुमचंच बंद दाखवून राहिलं."

खुशबूनं कोपऱ्यातल्या राऊटरकडे पाहिलं. एकही दिवा नव्हता. वायरीच्या मागोमाग ती स्वयंपाकघरात गेली आणि थेट लाल कार्डापाशी थांबली.

"बाबा, ट्रायल कोनाच्या सहीनं बंद पडली ते वाचा जरा."

देवीदासरावांनी चष्मा पुसून स्वतःची सही दोनदा वाचली. सहीवर त्यांनी नोकरीत कधी वाद घातला नव्हता. खाकरत त्यांनी फोन घेतला.

"शुभंकर, तू पास. लग्न पक्कं समज."

"थांबा, काका," तिकडून संकोचून आवाज आला. "आई खाली उभी हाये. ती म्हनते, पोरीच्या घरचं नेट असं अर्ध्यातच जाते, तर सून माहेरी गेल्यावर मी तिच्याशी बोलू कशी? पुढच्या रविवारी तुमची ट्रायल घेऊ म्हनते. पूर्ण एक तासाची. मंग पक्कं करू."

देवीदासराव फोन कानाला लावून ताठ उभे राहिले.

"चालते," ते नरमाईनं म्हणाले. "आईले विचार, किती वाजता बसू?"