अंगणातलं थोरलं

आमच्या अंगणातलं गवत माझ्या मुलीच्या आधी चालायला लागलं.

गवत म्हणजे नर्सरीतलं बुटकं, गडद हिरवं, माती झाकायला लावतात ते. रुंजी पोटात असताना वीतवीतभर अंतरावर एकेक ठोंब मी स्वतः लावला. ती झाल्यावर तिच्या अंघोळीचं पाणी, मालिशीच्या तेलासकट, डाळीच्या पिठासकट, रोज त्यालाच घातलं. चूक तिथेच झाली, असं सासूबाईंचं म्हणणं.

"पोरीच्या पायातली सगळी ताकद याने पिऊन घेतली. सव्वा वर्षाची झाली तरी बूड उचलत नाही. आणि हे बघ, निघालं फाटकाकडे! उपटून टाक आधी."

धास्ती मलाही होती. शेजारची तिच्याएवढी पोरं धावत होती. पण गवत रांगेने फाटकापर्यंत जायचं नि परत यायचं, एक ठोंब मागे राहायचा नाही. असं वळणाचं गवत कॉलनीत कुणाकडे नव्हतं.

सासूबाईंनी नगरपंचायतीत कळवलं. उद्यान विभागाचे खटावकर साहेब आले.

"चालत्या गवताची मुळं जमिनीत नसतात," ते म्हणाले. "मग उपटणार काय? हे कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

"मग समज द्या. एकटं बाहेर गेलं तर बेवारस धरलं जाईल."

"ही देणार समज!" सासूबाई म्हणाल्या. "हिचं मांजर ऐकत नाही हिचं."

मी गवतापुढे उकिडवी बसले. "हे बघ, तू थोरलं. तिचं पाणी प्यायलंस, त्याचं मी काही बोलणार नाही. पण एकटं फिरायचं नाही. धाकटीला घेऊन जायचं."

सगळी पाती पायरीवर बसलेल्या रुंजीकडे वळली. मग गवत पायरीशी आलं. एक ठोंब तिच्या डाव्या पायाखाली सरकला. रुंजी माझं बोट धरून उभी राहिली. दुसरा ठोंब उजव्या पायापुढे येऊन थांबला, तो हलेचना. शेवटी तिनेच बोट सोडलं आणि पाय उचलला.

खटावकर साहेबांनी फाटक उघडून धरलं. "लहान मूल सोबत असेल तर हरकत नाही," ते म्हणाले.

आता दोघं रोज गिरणीपर्यंत जाऊन येतात. पदर खोचून, जीव मुठीत धरून मी मागे असते. बायका दारात येऊन बघतात. घरी आलं की सासूबाई मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढतात. आधी थोरल्याची, मग रुंजीची.