ऑर्विलच्या हातांसाठी स्पॅगेटी

"औषधाचा प्रश्न सुटला!" ऑर्विल ट्वेटने नाश्त्याला बसल्या बसल्या जाहीर केलं आणि टोस्टला लोणी लावायला सुरी उचलली. सुरी पडली. उचलली. पुन्हा पडली. शेवटी मार्डेलने ती उचलली, नवऱ्याच्या टोस्टला लोणी फासलं आणि विचारलं, "कसा काय सुटला?"

"खोपी विकतो!"

मार्डेलने सुरी खाली ठेवली. मिनेसोटात तळं गोठलं की माणूस आपली खोपी ओढत बर्फावर नेतो, बर्फाला भोक पाडून गळ सोडतो, शेगडी पेटवतो आणि वसंत येईपर्यंत बायकोपासून सुरक्षित राहतो. ऑर्विलने खोपी स्वतःच्या हातांनी बांधली होती. तेव्हा ते हात होते. आता आमवाताने बोटांचे आल्याचे गड्डे झाले होते. पंधरवड्याला एक सुई टोचली की बोटं उघडत, बोटींची इंजिनं दुरुस्त होत, घर चाले. पण मार्डेल कामाला होती ती लाकूड गिरणी बंद पडली, नोकरीबरोबर औषधांचा विमाही गेला, आणि दोन सुयांची किंमत बऱ्या स्थितीतल्या एका जुन्या मोटारीएवढी झाली! म्हणून ऑर्विल महिन्याला एकच टोचत होता. बायकोला सांगायचा, डॉक्टरनेच कमी केली.

"कोणाकडून एक सेंट घेणार नाही," तो म्हणाला. "ट्वेट लोक देतात. घेत नाहीत!"

"बरं," मार्डेल म्हणाली.

ते 'बरं' ऐकून ऑर्विलने घाबरायला हवं होतं. तो टोस्ट खात होता.

*

पेट्रोल पंप.

ऑर्विल आत शिरला आणि काउंटरमागची जोलीन भिंतीवर झेपावली! दोन्ही हात पसरून, पाठ भिंतीला चिकटवून उभी राहिली, जणू मागे अस्वल कोंडलंय.

"काय गं, काय झालं?"

"कुठे काय! पाठ शेकतेय."

"भिंतीवर?"

"गरम असते ही भिंत!"

तिच्या कोपराखालून कागदाचं टोक डोकावत होतं. शनिवारी पाच वाजता, फायर हॉल, स्पॅगेटी आणि सोडत. म्हणजे मदत-जेवण! गावात कोणाला औषध परवडेनासं झालं की अग्निशमन केंद्रात बंबांच्या जागी टेबलं मांडतात, स्पॅगेटी शिजते आणि ताटांचे, सोडतीच्या तिकिटांचे पैसे त्या माणसाला जातात. पण या वेळी कोणासाठी? थेट विचारायची सोय नव्हती. त्या गावात थेट विचारणं म्हणजे चिखलाच्या बुटांनी कोणाच्या पलंगावर चढणं.

"थंडी वाढली," ऑर्विल म्हणाला.

"वाढली."

"काहींना बाधते."

"काहींना फार बाधते," जोलीन म्हणाली आणि तिचे डोळेच भरून आले. "तू शनिवारी ये म्हणजे झालं!"

*

घराचं मागचं दार.

त्यातून शेजारचा लायल किटलसन बाहेर पडत होता, आणि मार्डेल त्याच्या पाठीवर हात फिरवत होती! लायल या दारात सात हिवाळे आला नव्हता. सात हिवाळ्यांपूर्वी त्याने ऑर्विलचं बर्फाला भोक पाडायचं गिरमिट उसनं नेलं आणि बोथट करून परत दिलं. तो काही बोलला नाही. ऑर्विलही काही बोलला नाही. तेव्हापासून दोघंही काही बोलले नव्हते.

लायलने नाक पुसलं. ऑर्विलला बघून तो बिटासारखा लाल झाला.

"साखर न्यायला आलो होतो," तो म्हणाला आणि रिकाम्या हातांनी पळाला.

"लायल बरा आहे ना?" ऑर्विलने विचारलं.

"कसला बरा!" मार्डेल म्हणाली. "बिचाऱ्याला जेवण जात नाही." आणि घाईघाईने भांडी विसळू लागली.

ऑर्विलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लायल! एकटा, विधुर, काहीतरी भयंकर झालेला लायल! आणि आपण एका गिरमिटासाठी...

त्याने दुपारीच खोपी गाडीला जोडली आणि फायर हॉलवर नेली.

"सोडतीला घ्या," तो तिथे तयारीला आलेल्या जोलीनला म्हणाला.

"अरे, पण ही तर तू औषधासाठी विकणार होतास!"

हिला कसं कळलं? असो. "माझ्या बोटांना घाई नाही गं. त्या बिचाऱ्याचं काय?"

जोलीन पेचात पडली. खरं सांगावं तर गुपित फुटतं, खोपी घ्यावी तर ज्याच्यासाठी जेवण त्यालाच लुटायचं! तिने तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा नको म्हणणं तिथे उद्धटपणा समजतात. खोपी घेतली.

*

फायर हॉल. माइक लायलच्या हातात.

"दुसरं बक्षीस, अर्धं डुक्कर, कापून, बांधून! पहिलं बक्षीस, एक खोपी! दिलीय... अं... एका भल्या माणसाने!"

स्वतःच्या मदतीचा माइक स्वतःच्याच हातात! काय छाती आहे, ऑर्विलला वाटलं.

"धीर धर रे," कोणीतरी त्याच्या पाठीवर थोपटलं.

"मी?"

"अजून घे स्पॅगेटी. अंगात ताकद हवी."

"माझ्या?"

"लाल मोटारवाल्यांनो, तुमचे दिवे चालू राहिलेत!" लायल माइकवरून म्हणाला.

सगळा गाव ऑर्विलकडेच बघत होता. त्याला वाटलं, आलं लक्षात! मी भांडण मिटवावं म्हणून वाट बघताहेत. तो उठला, गेला, आणि दोन्ही मुठींत माइक धरला.

"मी बोलणारा माणूस नाही. पण आपल्यात एकजण आहे. हट्टी आहे. घुमा आहे."

"आहे, आहे!" हॉल म्हणाला.

"त्याचं औषध असलं महाग, की तो चोरून अर्धंच घेत असेल! घरी खोटं सांगत असेल, डॉक्टरनेच कमी केलं म्हणून!"

स्पॅगेटी वाढणाऱ्या मार्डेलचा हात हवेतच थांबला.

"त्याला मी सांगतो, लाजायचं नाही! ट्वेट असो नाहीतर आणखी कोणी. लोकांनी दिलं की घ्यायचं. गपगुमान!"

हॉल उठून उभा राहिला. टाळ्या! जोलीन हुंदके देऊ लागली. लायलने माइक हिसकावला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? शब्द दिलाय त्याने!" आणि बंबाच्या शिडीवरून एक भलीमोठी चादर सुटली. ऑर्विलच्या हातांसाठी, असं तिच्यावर रंगवलं होतं.

ऑर्विलने वाचलं. पुन्हा वाचलं.

"कोणता ऑर्विल?"

"गावात एकच आहे रे, गाढवा!" लायल ओरडला. माइक चालूच होता.

मार्डेल डाव घेऊन समोर आली. "अर्धंच घेतोस?"

"डॉक्टरने..."

"ऑर्विल."

"हो," ऑर्विल म्हणाला. तोही माइकमध्येच.

सोडतीत खोपी लायललाच लागली. त्याने किल्ली पुढे केली. "घे."

"छे! तू जिंकलायस."

"गपगुमान!" सगळा हॉल एका सुरात गरजला.

ऑर्विलने किल्ली घेतली. पैसेही घेतले. हिवाळाभर पुरतील एवढ्या सुया आल्या, आणि महिन्याभरात बोटं अशी उघडली, की त्याने शर्टाच्या सगळ्या गुंड्या लावल्या, सोडल्या आणि उगीचच पुन्हा लावल्या.

"छान," मार्डेल म्हणाली आणि त्याच्यापुढे एक खोकं ठेवलं. आभाराची कार्डं! गावची रीतच तशी. छापील मजकूर चालत नाही, फोन तर नाहीच. माणसागणिक एक, स्वतःच्या अक्षरात, काय दिलं त्याचा उल्लेख करून, किमान दोन ओळी. आणि जेवायला तर सगळा तालुका लोटला होता!

ऑर्विल लिहीत सुटला. प्रिय जोलीन. प्रिय पाद्रीबाबा. प्रिय अर्धं डुक्कर देणारे कुटुंब. आठवडाभर लिहिलं. बोटं सुजली. पेन गळून पडलं. कार्डांचा ढीग होता तेवढाच दिसत होता!

लायल आला. त्याने तो हात बघितला, तो ढीग बघितला.

"औषध लागू नाही पडत? शनिवारी हॉल मोकळा आहे. स्पॅगेटीचं सांगू?"

"नको!" ऑर्विल किंचाळला. "पुन्हा कार्डं लिहावी लागतील!"

लायलने निमूट खुर्ची ओढली, पेन घेतलं. "तू सांग, मी लिहितो." ढिगातलं वरचं कार्ड उचललं. आता कोणाचा नंबर, ते ऑर्विलने यादीत बघितलं.

"प्रिय लायल," तो म्हणाला.

लायलने लिहिलं.

"आभार."

लायलने लिहिलं. "किमान दोन ओळी लागतात."

"तुझ्या मनाने घाल की!"

लायलने हाताने झाकून काहीतरी लिहिलं, कान लाल करून घेतले, पाकीट बंद केलं. जाताना तिकीट लावून ते कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत टाकलं. आपलं कार्ड आपणच घरी घेऊन जाणं बरं दिसत नाही ना!